भंगारवाला जे घेत नाही, तिथून सुरुवात करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की तुम्ही सांगलीत विश्रामबागला फ्लॅटमध्ये राहता, घरात नवरा, सासूबाई, दोन मुलं, त्यातलं धाकटं अजून डायपरात. दिवाळीपासून घरातलं प्लास्टिक कमी करायचं मनावर घेतलंय, स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे काढून स्टीलचे नि काचेचे आणायला लागलाय, बांबूचे ब्रश मागवले, कापडी पिशव्या घेतल्या, बऱ्यापैकी पैसे गेले आणि तरी सुक्या कचऱ्याची पिशवी पहिल्याइतकीच भरते. नवरा म्हणतो एकट्यानं काही होत नसतं, सासूबाई म्हणतात गावाकडं बंबात घालून मोकळं होतो तसं करावं. मग चुकतंय कुठं, असं तुम्ही विचारलंय.

सरळ सांगतो. तुम्ही घरात राहणारं प्लास्टिक बदलताय, आणि कचऱ्याची पिशवी भरते ती घरातनं नुसतं येऊन जाणाऱ्या प्लास्टिकनं. डाळीचा डबा दहा वर्षं फळीवर असतो, त्याचा कचरा दहा वर्षांत एकदा होतो. पण त्या डब्यात ओतायला आणलेल्या डाळीची पिशवी दर महिन्याला कचऱ्यात. डबा स्टीलचा केला तरी पिशवी येणारच ना? तेवढं एक लक्षात आलं की अर्धं काम झालं.

मी कुठल्या बाजूनं बोलतोय ते सांगतो. कुपवाड एमआयडीसीच्या अंगाला आमचं भंगाराचं गोडाऊन आहे, वडिलांनी सुरू केलेलं. फेरीवाले, कचरा वेचणाऱ्या बायका, छोटे भंगारवाले माल आणून टाकतात, आम्ही तो निवडतो, गठ्ठे बांधतो आणि दाणा करणाऱ्यांना देतो. दाणा म्हणजे जुनं प्लास्टिक दळून, धुऊन, वितळवून केलेला कच्चा माल. त्यामुळं पर्यावरण वगैरेवर मी भाषण करू शकत नाही, पण कुठल्या प्लास्टिकला गिऱ्हाईक आहे आणि कुठल्याला कुत्रं विचारत नाही ते मला रोज दिसतं. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की प्लास्टिक कमी करायचं तर सगळ्यावर एकदम तुटून पडू नका, भंगारवाला जे हातात घेऊन परत टाकतो ते आधी कमी करा.

तो काय घेतो? पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या म्हणजे पेट, तळाला त्रिकोणात १ आकडा असतो. शाम्पूच्या, फिनेलच्या बाटल्या, तेलाचे कॅन, ते एचडीपीई, आकडा २. दुधाच्या पिशव्या एलडी, आकडा ४. डबे, झाकणं, तुटलेल्या खुर्च्या, बहुतेक पीपी, आकडा ५. हे सगळं विकलं जातं, भाव वरखाली होतो पण माल पडून राहत नाही.

आणि काय घेत नाही? चिप्स-कुरकुऱ्यांची पाकिटं, बिस्किटाचे पुडे, शाम्पूच्या नि सॉसच्या पुड्या, मसाल्याची चकचकीत पाकिटं, तेलाच्या एक लिटरच्या पिशव्या, भाजीवाल्याची पातळ पिशवी, थर्माकोल, पार्सलचे खरकटे डबे. का घेत नाही ते समजून घ्या म्हणजे तुम्हाला दुकानातच कळेल की काय उचलायचं नि काय नाही.

चिप्सचं पाकीट एका प्लास्टिकचं नसतं. बाहेर छपाईचा एक थर, आत ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा, त्याच्या आत चिकटवायला दुसरं प्लास्टिक. हे थर एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत, म्हणजे करता येतील पण त्याला लागणारा पैसा मालापेक्षा जास्त. आणि सगळं एकत्र वितळवू म्हणाल तर तेही जमत नाही, कारण दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक साधारण ११० ते १२० डिग्रीला पातळ होतं, पीपी १६० च्या पुढं, पेटला २५० च्या वर जावं लागतं. एक पातळ होईपर्यंत दुसरं जळायला लागतं. म्हणून आमचा सगळा धंदा वेगळं करण्यावर चालतो, आणि जे वेगळं होत नाही ते आमच्या दृष्टीनं माल नव्हेच. पातळ पिशवीचं दुखणं वेगळं, ती एकाच प्लास्टिकची असते पण वजनच नाही, वेचणाऱ्या बाईनं दिवसभर गोळा केल्या तरी काट्यावर काही दिसत नाही आणि वर त्या मातीनं, ओल्या कचऱ्यानं भरलेल्या. थर्माकोल तर जवळपास ९८ टक्के हवाच असते, टेम्पो भरून नेला तर डिझेलचे पैसे सुटत नाहीत.

जगभरात २०१५ पर्यंत जेवढं प्लास्टिक कचऱ्यात गेलं त्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं, असा हिशेब २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला होता. लोकांना तो आकडा ऐकून धक्का बसतो, आम्हाला बसत नाही. पाकिटावर त्रिकोणाचं चिन्ह छापलं म्हणून ते रिसायकल होतं असं नाही, त्याला तुमच्या गावात घेणारा पाहिजे.

तर आता एक आठवडा असं करा. काही सोडू नका, काही विकत आणू नका, नेहमीसारखंच जगा, फक्त सुका कचरा घंटागाडीत न देता बाल्कनीत एका पोत्यात साठवा. खरकटं असेल ते खळबळून वाळवून टाका नाहीतर माश्या होतील आणि सासूबाई पोतंच फेकून देतील. रविवारी खाली पेपर अंथरून सगळं ओता आणि तीन ढीग करा. भंगारवाला घेतो ते एक, घेत नाही ते दोन, आणि डायपर-पॅडसारखं वेगळं गुंडाळून द्यायचं ते तीन, ते मात्र साठवू नका, रोजच्या रोज द्या नि नुसता आकडा लिहून ठेवा. शंका असेल त्या तुकड्यासाठी एक बादली पाणी घ्या. दुधाची पिशवी, डब्याचं झाकण, शाम्पूची बाटली कापून टाकली तर तरंगते, पेट बुडतं. आमच्या धुण्याच्या टाकीत पण झाकणं नि बाटल्या अशाच वेगळ्या होतात, काही मोठं सायन्स नाही.

मग दुसऱ्या ढिगात काय सगळ्यात जास्त आहे ते बघा. इथं मी तुम्हाला घरबसल्या उत्तर देऊ शकत नाही कारण ते प्रत्येक घराचं वेगळं असतं. नवरा-बायको दोघं नोकरीला आणि आठवड्यातनं तीनदा पार्सल, त्यांच्याकडं डब्यांचा ढीग. शाळेतली मुलं असली की पाकिटांचा. म्हाताऱ्या माणसांच्या घरी औषधांच्या पट्ट्या निघतात, त्या कमी करायच्या नसतातच, तिकडं बघू पण नका. तुमच्या घरात दोन मुलं आहेत म्हटल्यावर माझा अंदाज की खाऊची पाकिटं, किराण्याच्या पिशव्या आणि डायपर हे तिघं वर असणार.

किराण्याचं सांगतो. सांगलीसारख्या गावात हे पुण्या-मुंबईपेक्षा सोपं आहे, हे आपल्या लोकांना कळतच नाही. सुपरमार्केटमध्ये डाळ अर्धा अर्धा किलोच्या पिशवीत, पण गणपती पेठेत जाऊन बघा, पोती उघडी मांडलेली असतात, तुम्ही पिशवी पुढं केली की तिच्यात ओततो, नाही म्हणत नाही, उलट त्याची पिशवी वाचते. गहू-ज्वारी आपण वर्षाची नाहीतर सहा महिन्यांची भरत होतोच की, गोणीतनं. चटणीची मिरची बाजारातनं आणून कांडपावर नेली की वर्षभर तिखटाचं पाकीट घरात येत नाही. हळद तर आपल्या गावची. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणाल तर वर्षाचं नको, तांदूळ, गहू, साखर, तूरडाळ, शेंगदाणे, पोहे एवढंच दोन महिन्यांचं आणा. डाळीला एरंडेल चोळून ठेवा, किडे होत नाहीत. महिन्यातनं एक फेरी पेठेत, पार्किंगचा वैताग धरून, एवढाच काय तो खर्च. ते जमत नसेल तर मोठी पिशवी घ्या. पाच किलोच्या एका पिशवीला अर्ध्या किलोच्या दहा पिशव्यांपेक्षा बरंच कमी प्लास्टिक लागतं, हे साध्या भूमितीचं गणित आहे.

तेलाचं मात्र वेगळं. सुटं खाद्यतेल विकायला भेसळीमुळं कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं किटली घेऊन कुणाकडं जा असं मी सांगणार नाही. पण एक लिटरच्या पिशव्यांऐवजी पाच लिटरचा कॅन किंवा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घ्या. पिशवी थराथराची आणि वर तेलकट, तिला कुणी घेत नाही. कॅन आणि पत्र्याचा डबा दोन्ही हातोहात जातात.

खाऊच्या पाकिटांना मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो आणि लोक सगळ्यात कमी देतात, कारण पाच रुपयाचं पाकीट इतकं हलकं असतं की ते मोजण्यासारखं वाटतच नाही. मुलांना खाऊ देऊ नका म्हणत नाही, मला पण पोरं आहेत. पण सांगलीत राहून भडंगाची पाकिटं का आणायची? चुरमुरे सुटे मिळतात, घरी लसूण-शेंगदाणे घालून भडंग केलं की पंधरा दिवस पुरतं. बेकरीची खारी, टोस्ट, नानकटाई डब्यात घेता येते. चिवडा-फरसाण सुटं वजनावर मिळतं. पाकिटंच पाहिजेत त्या दिवशी एक मोठं घ्यावं आणि वाटीत वाटून द्यावं. पाच रुपयाच्या चार पाकिटांत जेवढी हवा मिळते तेवढी नाही मिळणार, पोरं कुरकुरतील, चालतंय.

शाम्पूची पुडी बंद करून बाटली घ्या, हे एक मला भंगारवाला म्हणून अगदी हात जोडून सांगायचंय. बघायला बाटलीत प्लास्टिक जास्त दिसतं, आणि लोक पुडी घेऊन आपण कमी वापरतोय असं समजतात, पण बाटली परत दाणा होते आणि पुडी गटारात. अंगाला साबणाची वडी लावत असाल तर उत्तम, लिक्विडच्या भानगडीत पडू नका.

दुधाच्या पिशवीबद्दल मन खाऊ देऊ नका. गवळ्याचा रतीब लावून किटलीत दूध घेता आलं तर चांगलंच, पण फ्लॅटमध्ये ते वेळेचं गणित सगळ्यांना जमत नाही, आणि दुधाची पिशवी हा आमच्याकडचा चांगला माल आहे. फक्त दोन गोष्टी. कोपरा कात्रीनं पूर्ण कापून टाकू नका, नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच लोंबत राहू दे. ते चिमुकले त्रिकोण वेचण्यात कुणी वेळ घालवत नाही, सगळे मोरीतनं गटारात जातात. आणि पिशवी खळबळून टाइल्सवर चिकटवून वाळवा. आंबलेल्या दुधाच्या पिशवीला अर्धा भाव, कारण कारखान्याला जास्त पाणी लागतं, आणि ओल राहिली की दाण्यात बुडबुडे येतात. तुम्ही एक घोट पाण्यात जे करता ते पुढं कुणाला तरी टाकीभर पाण्यात करावं लागतं.

आता पार्सल आणि रविवारचं चिकन. लाज वाटते डबा घेऊन जायला, हे मी खूप जणांकडनं ऐकलंय. दोन-तीन रविवार वाटते, मग दुकानदारच ओळखायला लागतो की डबेवाले आले. मोकळा डबा आधी काट्यावर ठेवा, काटा शून्य करायला सांगा, मग माल टाकू द्या, नाहीतर डब्याचं वजन मटणाच्या भावानं घ्याल. डबा झाकणाला क्लिपवाला नको, साधा उभट कडीचा, गाडीला अडकवता येतो. मिसळ पार्सल आणताना तर नक्कीच, कारण तो उकळता रस्सा पातळ पिशवीत ओतून वर दोऱ्यानं आवळतात ते बघून मला खायची इच्छाच होत नाही. चहाची पण तीच तऱ्हा.

आणि कागदी कप हा त्यावरचा उपाय नाही. आतनं त्याला प्लास्टिकचाच पातळ थर असतो, नाहीतर चहा गळाला असता. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी ते तपासलं होतं, पंधरा मिनिटं गरम पाणी ठेवलं तर १०० मिलिलिटरमध्ये प्लास्टिकचे साधारण २५ हजार बारीक कण उतरले. आमच्या भाषेत सांगायचं तर तो कप ना रद्दीवाला घेतो ना प्लास्टिकवाला. चांदीचा कागद लावलेल्या पत्रावळ्यांचं पण तसंच. मुलांच्या वाढदिवसाला मंडपवाल्याकडनं स्टीलची ताटं-पेले भाड्यानं आणा, धुवायला एक बाई लावा, पाण्याच्या छोट्या बाटल्यांच्या बॉक्सपेक्षा फार महाग पडत नाही.

कॅरीबॅगचं सगळ्यांना माहितीये म्हणून थोडक्यात. आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आहे, पहिल्यांदा पाच हजार दंड, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्रानं १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लास्टिकचे कप-प्लेट-चमचे, सजावटीचा थर्माकोल वगैरे बंद केलं आणि २०२२ संपता संपता १२० मायक्रॉनच्या खालच्या कॅरीबॅगवर देशभर बंदी आली. तरी मंडईत पिशवी मिळते, ते तुम्ही पण बघता मी पण बघतो. लोक फसतात ते दुसऱ्याच ठिकाणी. कापड दुकानात मिळणारी ती रंगीत, कापडासारखी दिसणारी, उन्हात ठेवली की भुगा होणारी पिशवी कापडाची नाही, पीपीच आहे ते.

आणि कापडी पिशव्या विकत घेऊ नका हो आता अजून. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अहवालात होतं की सुती पिशवी १३१ वेळा वापरली तर कुठं ती, हवामानाच्या हिशेबात, एकदा वापरून फेकलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते. कापूस पिकवायला, विणायला, रंगवायला लागतंच की सगळं. कपाटात वीस कापडी पिशव्या आणि दुकानात गेल्यावर हातात एकही नाही, त्याचा काय उपयोग? जुन्या पँटच्या, चादरीच्या दोन शिवून घ्या, एक गाडीच्या डिकीत नि एक नवऱ्याच्या बॅगेत कायमची. भाजी रिकामी केली की पिशवी घरात न ठेवता दाराच्या हँडलला अडकवायची, खाली जाताना परत डिकीत. पालेभाजी ओल्या पंच्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली की प्लास्टिकची गरज पडत नाही.

आतापर्यंतचं एका दमात: किराणा पोत्यातनं, तेल कॅननं, खाऊ सुटा, शाम्पू बाटलीत, चिकन डब्यात, पिशवी डिकीत. यातलं एकेक महिन्याला एक धरा. सगळं एका सोमवारी सुरू केलं की तिसऱ्या आठवड्यात सगळं एकदमच सुटतं.

तुमचे जुने डबे अजून भंगारात गेले नसतील तर राहू द्या. सुक्या डाळी-रव्याला ते चांगले चालतात, गरम आणि तेलकट पदार्थाला मात्र वापरू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही. फुटतील तेव्हा स्टील आणा. चांगला डबा भंगारात देऊन नवीन आणणं म्हणजे मला धंदा, तुम्हाला खर्च. बांबूच्या ब्रशचं तर बोलूच नये, दांडा बांबूचा पण केस नायलॉनचेच असतात बहुतेकांत, तरी घेतलाय तर वापरा. भांडी घासायला मात्र नायलॉनच्या जाळीऐवजी काथ्या किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी घ्या, ते खरंच चांगलं आहे आणि गावाकडनं फुकट येतं.

कंपोस्टेबल लिहिलेल्या हिरव्या पिशव्यांच्या नादाला लागू नका. त्या कुजायला ६० डिग्रीच्या आसपासचं तापमान टिकवणारा मोठा खतप्रकल्प लागतो, तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत त्या तशाच राहतात. आणि दिसायला एलडीसारख्या असल्यामुळं चुकून आमच्या गठ्ठ्यात गेल्या की चांगला माल पण बिघडवतात.

आता सासूबाई. त्यांच्यावर चिडू नका, आपल्याकडं सातारा-सांगली-कोल्हापूर सगळीकडं बंब पेटवायला प्लास्टिकची पिशवी घालायची सवय आहे, भुरकन पेट घेते ना. पण आता पिशव्या पूर्वीच्या राहिल्या नाहीत, पाकिटं, पाइपचे तुकडे, रेक्झिन, सगळंच त्यात जातं. पाइप-रेक्झिनचं पीव्हीसी नावाचं प्लास्टिक जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघतो आणि डायऑक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात, ती शरीरातल्या चरबीत साठत राहतात. तो धूर पहिला घेणार कोण, तर बंबापुढं बसलेली बाई आणि आंघोळीला आलेलं पोर. राख नंतर आळूच्या आळ्यात टाकतात ते वेगळंच. एवढं एक तुम्ही गावाकडं थांबवलंत, शेणी नि नारळाच्या शेंड्यांवर बंब पेटला, तर सांगलीतल्या सगळ्या बांबू ब्रशपेक्षा मी ते मोठं धरीन.

नवऱ्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पाकिटं कंपन्या बनवतात, आणि ती परत गोळा करायची जबाबदारी कायद्यानं त्यांच्यावरच आहे, २०१६ च्या नियमांत आहे आणि २०२२ मध्ये त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं पण आली. तुमच्या एका घरानं देशाचा आकडा हलणार नाही. कृष्णेचा पूर पिशव्यांमुळं येतो असं कुणी सांगितलं तर तेही खरं मानू नका, पावसाचं नि धरणांचं पाणी आहे ते. पण गल्लीतली गटारं तुंबतात ती पिशव्यांनीच, आणि २०१९ च्या पुरानंतर गाळानं भरलेलं जे प्लास्टिक गावातनं निघालं ते फुकट दिलं तरी कुणी घ्यायला तयार नव्हतं. नवऱ्याला एवढंच विचारा की एकट्यानं होत नसेल तर डिकीत पिशवी ठेवायला किती जण लागतात.

डायपरचं मी बापाच्या नात्यानं सांगतो, त्यात मी तज्ज्ञ नाही. दिवसा घरात लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर, असं केलं तरी निम्म्याच्या खाली येतात. धुणं कोण करणार त्यावर सगळं अवलंबून आहे, बाईमाणसावर कामाचा आणखी एक बोजा टाकून प्लास्टिक वाचवलं असं होऊ नये. वापरलेलं डायपर पेपरात गुंडाळून त्यावर लाल खूण करून वेगळं द्या. आमच्याकडं निवडणाऱ्या बायका हातानं निवडतात, बंद पिशवीत काय आहे ते त्यांना उघडल्यावरच कळतं.

एवढं करून जो दुसरा ढीग उरेल, आणि तो उरणारच, त्याचं काय करायचं? हल्ली पाण्याच्या बाटलीत पाकिटं ठासून भरून वीट करायचं फॅड आहे, शाळेत पण शिकवतात. मुलांना ते करून द्यायचं असेल शाळेसाठी तर एखादी करू द्या, पण घरात सवय लावू नका, कारण विकली जाणारी चांगली पेटची बाटली त्यात कायमची वाया जाते, आत पाकिटं कोंबलेली बाटली आम्ही घेत नाही. त्यापेक्षा पाकिटं कोरडी ठेवा, पुसून एका मोठ्या पाकिटात बाकीची कोंबा आणि घंटागाडीला सुक्या कचऱ्यात द्या. कोरडी आणि एकत्र असली तर ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जायची शक्यता असते, तिथलं तापमान बंबासारखं नसतं, हजार डिग्रीच्या पुढं असतं. ओल्या कचऱ्यात गेली की डेपोवरच. आणि पहिला ढीग महिन्यातनं एकदा तुमच्या गल्लीतल्या फेरीवाल्याला द्या, भावासाठी घासाघीस करू नका, वेगळा नि कोरडा माल देणारं घर त्याला कळलं की तो स्वतःच हाक मारत येतो. पोतं ओतून ढीग केलेत की दुसऱ्यात काय जास्त निघालं ते इथं लिहा, मग त्यावर बघू.